पावती फाडणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख वाचला. सार्वजनिक ठिकाणी बिडी-सिगारेट ओढण्याला दोनशे रुपये दंड म्हणजे चेष्टा आहे, कर्नाटकानं तो हजारावर नेला, आता महाराष्ट्रानंही कायदा कडक करावा, असं आपण ठणकावून लिहिलंय. जरूर करावा. पण दोनशेची पावती फाटताना आपण कुठे पाहिलीत ते कळवा, मी स्वखर्चानं बघायला येईन. सबंध नोकरीत मला ते दर्शन घडलं नाही.

मी जिथे टेबल सांभाळलं, त्या तालुक्याच्या कार्यालयात दारातच फलक होता. साठ बाय तीस सेंटिमीटरचा, अगदी नियमात बसणारा. ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.’ खाली ‘तक्रार यांच्याकडे करावी’ आणि पुढे टिंबं. 2 ऑक्टोबर 2008 पासून जे नियम लागू झाले, त्यांप्रमाणे त्या टिंबांवर नाव हवं. आमच्याकडे ते कधी पडलं नाही. लिहायचं तर साहेबांचंच लिहावं लागलं असतं, आणि साहेब नेमके त्या फलकाखाली उभे राहून ओढायचे.

त्यांना केबिन नव्हती असं नाही. केबिनला एसी होता. एसीत धूर कोंडतो, पडद्यांना वास बसतो, भेटायला आलेली मोठी माणसं नाक मुरडतात. म्हणून शिलगावायला बाहेर आमच्या हॉलमध्ये! हॉलला मिळून एक कूलर. खान्देशातला मे महिना आपल्याला मी सांगायला नको, पारा 44 च्या खाली उतरायचं नाव घेत नाही. साहेब कूलरसमोर उभे राहायचे, त्यामुळे त्यांना हवा आणि आवक-जावकच्या टेबलाला धूर. ते टेबल माझं. शेजारची मुलगी सहावा महिना सरलेली, ओढणी नाकाला लावून रजिस्टर भरायची. शिपायाकडे टवका उडालेली एक बशी सोपवलेली होती. साहेब केबिनबाहेर आले की ती खिडकीत ठेवायची, ते आत गेले की धुऊन कपाटामागे. राखदाणी ठेवायची नाही असंही त्याच नियमांत आहे, पण ही पडली बशी.

शिपायाला म्हटलं, नको ठेवत जाऊस. तर म्हणे, “साहेबले कोन सांगी, ताई?” म्हणून मीच सांगितलं. साहेब फार सभ्य. हसून म्हणाले, “मॅडम, लेखी द्या ना.” दिलं. आवक क्रमांकही मीच टाकला. शेरा आला, ‘दप्तरी दाखल’. आणि पाठोपाठ माझं टेबल रेकॉर्ड रूममध्ये गेलं. तिथे धूर नव्हता हे खरं. पंखाही नव्हता.

आता कायदा बघा. सरकारी कार्यालयात हा दंड वसूल करायचा अधिकार राजपत्रित अधिकाऱ्यांना आहे. म्हणजे साहेबांनी स्वतःची पावती स्वतःच फाडायची! त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. तक्रार येऊनही त्या जागेचा प्रमुख गप्प बसला, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर. कालच्या अग्रलेखात या कलमाचा उल्लेखही नाही. ते जिल्ह्यात एकदा, एका साहेबावर लावून दाखवा. दोनशेचे दोन हजार करण्याचा मसुदा केंद्रानं 2020 मध्येच काढला होता. पण पावतीच फाटत नसेल तर दोनशे काय नि दोन हजार काय!

आपल्या लोकांना शिस्त लागत नाही, हे मात्र मला सांगू नका. आमचे हे कापसाच्या जिनिंग कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे गेटवरच वॉचमन खिसे तपासून बिडीबंडल आणि काडेपेटी काढून घ्यायचा, सुटी झाली की परत. हमालापासून मालकाच्या जावयापर्यंत सगळ्यांना एकच नियम. कुणी हक्काची भाषा केली नाही. आत रुईच्या गठाणी असतात ना, ठिणगी पडली तर लाखोंचा माल जातो. आमच्या फुफ्फुसांचा विमा कुणी उतरवलेला नव्हता, एवढाच काय तो फरक.

राहता राहिलं आपलं वर्तमानपत्र. अग्रलेखाचं पान उलटलं की अर्ध्या पानावर ‘इलायची’ची जाहिरात, हसणाऱ्या नटासकट. ज्या नावाची इलायची, त्याच नावाच्या पुड्या टपरीवर लटकतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. गुटखाबंदी 2012 ची. टपरीवाला निदान तो लपवून तरी विकतो.

तेव्हा अग्रलेख पुरे. एखादा वार्ताहर जिल्ह्यातल्या कार्यालयांतून फिरवा आणि टिंबांच्या जागी किती ठिकाणी नाव सापडतं ते छापा. आपल्या कार्यालयाच्या जिन्यातही फलक असेलच.

माझं नाव मात्र छापू नये. रजा रोखीकरणाची माझी फाइल अजून त्याच कार्यालयात आहे. त्रुटी काढून तिसऱ्यांदा परत आली, आणि या खेपेला त्रुटी काय, तर अर्जावर आवक क्रमांक दिसत नाही म्हणे.

आपली,
एक सेवानिवृत्त लिपिक, अमळनेर