वाणिज्य शाखेतून स्पीच थेरपीच्या वर्गात : बाईंना अनावृत आभारपत्र

विश्रामबाग, सांगली

आदरणीय बाई यांस,

सादर नमस्कार.

हे पत्र मी स्वतः मिरजेला येऊन तुमच्या हाती देऊ शकले असते. सांगली आणि मिरज यांच्यात अंतर ते किती! तरीही ते सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहीत आहे, कारण वाणिज्य शाखेतून स्पीच थेरपीकडे, म्हणजे तुम्ही करता त्या बोलण्याच्या आणि गिळण्याच्या अडचणींवरील उपचारांकडे, वळता येईल का, हा जो प्रश्न घेऊन मी तुमच्याकडे आले होते तोच प्रश्न आता बी.कॉम. आणि बी.ए. झालेल्या मुली मला विचारू लागल्या आहेत, आणि मी त्यांना जे उत्तर देते ते मुळात तुमचे आहे. तुमचे नाव कोठेही येऊ नये, ही तुमची अट मी पाळली आहे.

आमच्या सनदी लेखापालांच्या कार्यालयातून मी तुमच्या दवाखान्याचे हिशेब पाहण्यासाठी येत असे, तेव्हा माझे एम.कॉम. पूर्ण झाले होते. पावत्यांच्या पुस्तकात तीच ती नावे आठवड्यातून दोनदा, महिनोन्महिने आढळत. इतर डॉक्टरांच्या पावत्यांत असे सहसा दिसत नाही. ही माणसे इतक्या वेळा येऊन नेमके काय करतात, असे मी तुम्हाला सहज विचारले होते. त्यावर व्याख्यान न देता तुम्ही पालकांची परवानगी घेतली आणि मला कोपऱ्यातील खुर्चीवर बसवून प्रत्यक्षच पाहू दिले.

सर्वप्रथम आभार मानायचे आहेत ते तुमच्या स्पष्ट नकाराबद्दल. मला हे काम शिकायचे आहे असे म्हटल्यावर तुम्ही सांगितलेत, की भारतात वाणिज्य पदवीधराला हा दरवाजा बंद आहे: येथे बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण होऊन बी.ए.एस.एल.पी. हा वाचा आणि श्रवण उपचारांच्या पदवीचा चार वर्षांचा, शेवटचे वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचे असलेला अभ्यासक्रम करावा लागतो, पदव्युत्तर प्रवेश त्याच पदवीच्या आधारे मिळतो, आणि भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार परिषदेच्या नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. त्याच सुमारास एका मार्गदर्शन केंद्राने मला पत्राद्वारे एखादी पदविका घेऊन दारावर पाटी लावण्याचा सल्ला दिला होता, आणि त्यासाठी शुल्कही घेतले होते. तुम्ही काही न घेता मला निराश केलेत, हे माझ्यावर मोठे उपकार झाले. शरीररचनेचे विषय शिकल्यावर आज मी असे म्हणेन, की आपल्याकडील चार वर्षांचा पाया योग्यच आहे. मात्र इतर शाखांतून येणाऱ्यांसाठी एखादा जोडअभ्यासक्रम असावा, असे मला अजूनही वाटते आणि त्यावर आपले एकमत होणार नाही हेही मला माहीत आहे.

नकारानंतर तुम्ही विषय तेथेच सोडला नाही. मैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेतील तुमच्या वर्गमैत्रिणी आज परदेशांत काम करतात. त्यांना विचारून, त्या त्या देशांचे नियम पडताळून तुम्ही एक वही तयार केलीत. ब्रिटनमध्ये वेगळ्या विषयाच्या पदवीधरांना दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन या व्यवसायाच्या नोंदणीस पात्र होता येते, आणि अमेरिकेत तर पदव्युत्तर पदवी हीच व्यवसायाची पहिली पायरी असल्यामुळे तेथे साहित्य, संगीत, वाणिज्य अशा कोणत्याही शाखेचे विद्यार्थी पूर्वअटीचे विषय पूर्ण करून येऊ शकतात, हे मला प्रथम त्या वहीतून समजले. माझी मावसबहीण अमेरिकेत असल्यामुळे राहण्याचा खर्च वाचणार होता, म्हणून आपण तो मार्ग निवडला.

मला समजावे म्हणून तुम्ही त्या वहीत ‘जमा’ आणि ‘येणे बाकी’ असे दोन रकाने आखले होते. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या प्रमाणपत्रासाठी जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, सांख्यिकी आणि मानसशास्त्रासारखे एखादे सामाजिक शास्त्र अशा चार क्षेत्रांतील अभ्यास लागतो. त्यांपैकी माझ्या ‘जमा’ रकान्यात बी.कॉम.ची सांख्यिकी तेवढी होती. ‘येणे बाकी’ मात्र पानभर भरले: उरलेली तीन शास्त्रे, मग ध्वनिशास्त्र, वाचा आणि श्रवण यंत्रणेची रचना व कार्य, मुलांचा भाषाविकास, श्रवणशास्त्राची ओळख, त्यानंतर पदव्युत्तर शिक्षणात निरीक्षणाचे २५ आणि प्रत्यक्ष उपचाराचे ३७५ असे एकूण ४०० तास, नंतर प्रॅक्सिस ही व्यवसायाची पात्रता परीक्षा, आणि शेवटी किमान ३६ आठवड्यांची व १,२६० तासांची देखरेखीखालील उमेदवारी. विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर मिळणाऱ्या बारा महिन्यांच्या कामाच्या मुदतीत ही उमेदवारी जेमतेम बसते, हा हिशेबही तुम्हीच मांडलात. वास्तविक हिशेबनीस मी होते! परत यायचे ठरवलेस तर येथे परिषदेची नोंदणी लागेल आणि ती आपोआप मिळणार नाही, हे वाक्य तुम्ही त्या पानाच्या तळाशी लाल शाईने लिहिले. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी मी आणि बाबांनी ते पुनःपुन्हा वाचले.

तुमच्याकडे बसून केलेले निरीक्षण अधिकृत तासांत धरले जाणार नाही, कारण त्यासाठी त्या अमेरिकन असोसिएशनचे प्रमाणपत्र असलेल्या तज्ज्ञाची देखरेख लागते, हेही तुम्ही आधीच सांगून टाकले होते. तरीही मी येत राहिले आणि तुम्ही येऊ दिलेत. त्या काळातील तुमची एकच सूचना मी आजही पाळते: “ऐकू आलं ते लिही, कळलं ते लिहू नकोस.” ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणणाऱ्या त्या मुलाची आजी प्रत्येक शब्द आपण होऊन दुरुस्त करून सांगत असे, आणि ऐकणाऱ्यालाही मग तो शब्द दुरुस्तच ऐकू येई. मी मात्र सांगितल्याप्रमाणे जसेच्या तसे लिहीत गेले, आणि त्या यादीत असे आढळले, की ‘नाक’ आणि ‘एक’ या शब्दांच्या शेवटचा ‘क’ तो मुलगा स्वच्छ उच्चारत होता. म्हणजे तो आवाज त्याला येत नव्हता असे नाही. शब्दाच्या आरंभी तो त्याच्याकडून निसटत होता, आणि उपचार कोठून सुरू करायचे हे त्यावरून ठरले. ध्वनिशास्त्राच्या वर्गात पुढे याच प्रकारावर एक संपूर्ण तास झाला तेव्हा मला नवीन असे फारसे काही लिहून घ्यावे लागले नाही.

भौतिकशास्त्राची माझी भीतीही तुम्हीच घालवलीत, आणि ती पुस्तकाने नव्हे. दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध उरला नव्हता. आवाजातील उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर, ही गोष्ट मला समजेना, तेव्हा तुम्ही मला मिरजेतील सतारमेकरांच्या दुकानात पाठवले. ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो तेथे जवारीसाठी, म्हणजे तारेचा आवाज खुलवण्यासाठी, ठेवलेला होता. कारागिराने घोडीवरचे तारेखालचे सूत किंचित पुढेमागे सरकवले. सूर तोच राहिला, पण आवाज क्षणात बंद आणि क्षणात खुला झाला. स्वरतंतूंचा सूर कायम असतानाही जीभ आणि ओठ यांच्या ठेवणीने ‘आ’चा ‘ई’ होतो, तेव्हाही उपस्वरांचे बळच बदलत असते, हे मला त्यावरून उमगले. परत आल्यावर तुम्ही लगेच बजावलेत, की तंबोऱ्यात हा बदल तारेपाशीच होतो, तर माणसात तो स्वरतंतूंच्या वरच्या पोकळीत होतो, म्हणून ही तुलना परीक्षेत लिहू नये. मी लिहिली नाही.

शिफारसपत्राबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे अशा पत्रांत विद्यार्थी कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ असतो, मग तो कोणीही असो. तुम्ही यांपैकी एकही विशेषण वापरले नाही. ‘नाक’ आणि ‘काका’ यांची ती नोंद तुम्ही मुलाची ओळख झाकून पत्रात जशीच्या तशी उतरवली, मला अजून काय येत नाही हेही लिहिले, आणि जे येत नाही ते शिकवल्यास येईल असे तुम्हाला कशावरून वाटते याची कारणे दिली. प्रवेश समितीतील एका प्राध्यापिकेने मुलाखतीत मला फक्त त्या नोंदीविषयी प्रश्न विचारले. माझ्या गुणपत्रिकेकडे त्या वळल्याच नाहीत.

तीन वर्षांच्या मार्गातील पूर्वअटीचे वर्ष आता पूर्ण झाले आहे आणि सुट्टीसाठी मी घरी आले आहे. मराठी कानाला महाप्राण (ख, घ) आणि मूर्धन्य (ट, ड) ध्वनी सोपे जातात, वर्गातील इतरांना ते ऐकूही येत नाहीत. उलट इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ मी अजूनही एकाच ‘व’ने उरकते आणि त्यावरून टोकली जाते. रुग्णालयातील कामाचा मोठा भाग बोलण्याचा नसून गिळण्याचा असतो, हे ऐकून वर्गातील बरेच जण चकित झाले. मी झाले नाही, कारण पक्षाघातानंतर पाण्याच्या प्रत्येक घोटाला ठसका लागणाऱ्या त्या शिक्षकांना घोट घेताना मान कशी ठेवायची हे शिकवत असताना तुम्ही मला शेजारी उभे केले होते.

एक विनंती आहे. तुमच्याकडे अशा चौकशीसाठी येणाऱ्या मुलींना माझा क्रमांक निःसंकोच द्यावा. तुमच्या वहीच्या आधाराने मी पूर्वअटींचा तक्ता नव्याने टंकून घेतला आहे. विद्यापीठागणिक विषय बदलतात आणि नियमही वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून प्रत्येक रकान्यात मी तो केव्हा तपासला ती तारीख टाकली आहे. शेवटची लाल शाईची ओळ तशीच ठेवली आहे. तक्त्याच्या प्रती गुरुवारी दवाखाना उघडण्याच्या वेळी आणून देईन. काही दुरुस्त्या असतील तर त्याच वेळी सांगाव्यात, म्हणजे परत जाण्यापूर्वी त्या करून ठेवता येतील.

आपली नम्र,
तुमच्या हिशेबाच्या वह्या पाहणारी विद्यार्थिनी