टाकीच्या छताचा सांधा मुद्दाम कमजोर ठेवतात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील तेल साठवण्याच्या टाक्यांवरच्या लेखात 'टाकीचे छत जितके भक्कम वेल्ड कराल तितके बरे' हा सल्ला वाचून राहवले नाही. पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय ज्या नागपुरात आहे, तिथल्या वृत्तपत्राने हे छापावे? बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत कुणी हे कात्रण वेल्डरच्या हाती देईल, ही खरी भीती आहे.

उभ्या टाकीत तेलाची वाफ पेटली की दाब क्षणात चढतो. ब्रीदर व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीची हवा आत-बाहेर सोडणारी झडप, असतो तो रोजच्या भरण्या-उपसण्यासाठी आणि ऊन-पावसाने होणाऱ्या दाबाच्या चढउतारासाठी. हा दाब त्याला झेपत नाही. म्हणून छत आणि भिंतीच्या वरच्या कडेची लोखंडी पट्टी (टॉप अँगल) यांचा सांधा सगळ्यांत आधी फाटेल असा करतात. एपीआय ६५० या तेलटाक्यांच्या मानकानुसार वेल्ड फक्त बाहेरून, ५ मिलिमीटरपेक्षा जाड नाही, म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक. छताचा उतार ६ मीटरला १ मीटरहून जास्त नाही. छताचे पत्रे राफ्टरवर, म्हणजे खालच्या आधाराच्या तुळयांवर, नुसते टेकवायचे, जोडायचे नाहीत. छत उघडले की दाब वरून निघून जातो, तेल टाकीतच राहते. हाच सांधा 'भक्कम' केला तर बुडाचा सांधा आधी फाटतो, अख्खी टाकी उडते आणि पेटते तेल टाकीभोवतीच्या बांधात (डाइकमध्ये) सगळीकडे पसरते.

घोळ बहुतेक दुरुस्तीत होतो. सांध्याला गंज दिसला की वेल्डर आतूनही वेल्डचा एक थर (रन) मारून मोकळा होतो. आग विझवायच्या फोमची पाइप किंवा जिन्याचा प्लॅटफॉर्म भिंत आणि छत दोन्हींना वेल्ड होतो. ड्रॉइंगवर सांधा कमजोरच राहतो, टाकीवर मात्र तो पक्का झालेला असतो. दुरुस्तीनंतर हा सांधा गेजने मोजलाच पाहिजे.

१५ मीटरहून कमी व्यासाच्या टाक्यांत तर छत फाटण्याआधीच बूड उचलले जाऊ शकते. तिथे टाकी पायाला जखडणारे अँकर आणि बुडाच्या सांध्याचा वेगळा हिशेब लागतो. शिवाय बाहेरच्या आगीने तेल उकळू लागले तर त्यासाठी वजनदार झाकणाचा इमर्जन्सी व्हेंट, म्हणजे वाफेला आणीबाणीची वाट, हवा. ते झाकण दाबाने आपोआप उचलले गेले पाहिजे. वाफ गळते म्हणून त्याला बोल्ट मारून ठेवतात, तिथेच घात होतो.

आणि लेखासोबतचा फोटो? तो तरंगत्या छताच्या टाकीचा आहे. ते छत तेलावर वरखाली होते, भिंतीला वेल्ड केलेलेच नसते.

कृपया दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर