पाऊस येण्याआधी कपाट उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग तोंडावर आला आहे. घरोघरी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झाले असेल. सोले, मिरच्या, सुकी मासळी बरण्यांत गेली असेल. हीच काळजी आपल्या गोव्यातील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळांनी एका वस्तूची घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र. ती वस्तू म्हणजे किरणोत्सारातले गॅमा किरण टिपणारा सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर.

एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षे प्रयोगशाळा सहायक होतो. आमच्या डिटेक्टरमधला सोडियम आयोडाइडचा स्फटिक मुठीएवढा, ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद केलेला. मिठाचाच तो भाऊबंद, पण हवेतले पाणी मिठाहून हावरेपणाने ओढतो. गॅमा किरण आत शिरला की क्षणभर अगदी मंद प्रकाश उमटतो, मागची फोटोमल्टिप्लायर नळी त्याचा विजेचा स्पंद करते, आणि स्पंद जितका उंच तितकी किरणाने आत सोडलेली ऊर्जा जास्त. एकदा माडांना घालायचे पोटॅश मी पिशवीतून नेऊन त्याच्यासमोर ठेवले. थोड्या वेळाने पडद्यावरच्या ऊर्जेच्या आलेखात १४६० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (ऊर्जेचे एकक) जागी टेकडी वर येऊ लागली. ते पोटॅशियम-४०, पोटॅशियमचा निसर्गतःच किरणोत्सारी असलेला प्रकार. मागच्या बाकावरची मुले उठून पुढे आली. ‘‘काका, हे आम्ही हातांनी माडाच्या आळ्यात घालतो!’’ एक मुलगी म्हणाली. खुशाल घाल, मी सांगितले; केळ्यात आहे, तुझ्या-माझ्या अंगातही आहे. किरणोत्साराची धास्ती त्या वर्गापुरती तरी त्या दिवशी गेली.

पुढे छताच्या दुरुस्तीसाठी मे महिन्यात खोली रिकामी केली, वातानुकूलन बंद झाले आणि डिटेक्टर भिंतीलगतच्या कपाटात गेला. मी लेखी कळवले होते. ऑगस्टमध्ये सिझियम-१३७ हा तपासणीचा किरणोत्सारी नमुना लावून पाहिले, तर आलेखातले ६६२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टवरचे निमुळते शिखर बसके, पसरट झालेले. नळी सोडवून काचेतून पाहिले. पाण्यासारखा नितळ असलेला स्फटिक कडेकडेने पिवळा पडला होता. नोंदवहीत ‘निर्लेखित’, म्हणजे बाद, असे लिहिले गेले. दुसरा काही आला नाही.

याच जातीच्या स्फटिकावर माणसाने केवढे काम उभे केले! जेराल्ड फिशमन हे अमेरिकी शास्त्रज्ञ. विद्यार्थिदशेत फुग्यांतून डिटेक्टर वर पाठवून त्यांनी खेकडा तेजोमेघातील स्पंदकाचे (ठरावीक लयीत किरणांचे ठोके देणाऱ्या ताऱ्याचे) किरण मोजले. १९६७ साली अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या व्हेला उपग्रहांना अवकाशातून आलेले गॅमा किरणांचे स्फोट दिसले होते, १९७३मध्ये ते जाहीर झाले, पण ते कुठून येतात हे कळत नव्हते. फिशमन यांच्या चमूने ‘बॅट्सी’ हे उपकरण बांधले: सोडियम आयोडाइडच्या २० इंच व्यासाच्या, अर्धा इंच जाडीच्या आठ चकत्या, उपग्रहाच्या आठ कोपऱ्यांवर. १९९१ ते २००० या काळात त्यांनी २,७०४ स्फोट नोंदवले, आणि ते आकाशभर सारखे विखुरलेले निघाले. आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची दाटी नव्हती. उगम फार दूर असल्याची ती मोठी खूण होती.

मला त्याहून भावते ती दुसरी गोष्ट. तारे बघायला पाठवलेल्या त्याच चकत्यांना खालून, पृथ्वीकडूनही, काही मिलिसेकंदांचे गॅमा झोत आले. ते गडगडाटी ढगांतून येत होते! १९९४ साली ते प्रसिद्ध झाले. आणि आपल्या उटीला, ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगात, लोखंडी नळ्यांच्या ३,७१२ काउंटरांनी म्युऑन (वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होणारे विद्युतभारित कण) मोजून १ डिसेंबर २०१४च्या एका ढगात सुमारे १.३ अब्ज व्होल्टचे विभवांतर असल्याचे दाखवले. मे अखेरीस संध्याकाळी फोंड्यावर ढग गडगडू लागले की मला हे हटकून आठवते. ज्या ढगांकडे डिटेक्टर रोखून बघायचे, त्यांच्याच ओलीने आपण तो कुजवला.

म्हणून विनंती. या आठवड्यात कपाट उघडा. डिटेक्टर कोरड्या, झाकणबंद डब्यात ताज्या सिलिका जेलसह ठेवा. थंड खोलीतून एकदम उकाड्यात काढू नका, स्फटिकाला तडा जातो. दर महिन्याला ६६२च्या शिखराची रुंदी वहीत लिहा, रुंदी वाढू लागली की समजा ओल शिरली. हे काम एका माणसाच्या नावावर असू द्या, आणि तो रजेवर गेला तर दुसऱ्याच्या. मुख्य म्हणजे यंत्र चालू ठेवा, मुलांच्या हाती द्या. वापरातल्या वस्तूचे दुखणे लवकर कळते.

कोणा महाविद्यालयाने बोलावले तर पोटॅशची पिशवी घेऊन मी स्वखर्चाने येईन. सकाळची बस सोयीची पडेल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
फोंडा, गोवा