स्पेनला पोरांना पाठवताय तर 'आपल्या माणसांत' ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशात भाषा शिकायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी जो लेख आला तो वाचला, आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर तो अजून फिरतोय. व्हिसा, बँक बॅलन्स वगैरे माहिती ठीक आहे पण शेवटी जो सल्ला दिलाय ना, की मुलांची राहायची सोय शक्यतो भारतीयांच्याच फ्लॅटमध्ये करा म्हणजे खाण्यापिण्याचे हाल होत नाहीत, त्यावर मला बोलायचंय. मी शिरोड्याची. स्पॅनिश शिकायला वर्षभर स्पेनमध्ये होते, गॅलिसिया नावाच्या भागात, सांतियागो दे कॉम्पोस्तेला या शहरात, आणि आता इथे घरी बसून भाषांतराची कामं करते. तो लेख आल्यापासून ओळखीचे दोन-तीन पालक विचारायला येऊन गेले म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

स्पेनच्या स्टुडंट व्हिसासाठी भाषेचा कोर्स आठवड्याला कमीत कमी 20 तासांचा लागतो, म्हणजे दिवसाला साधारण चार तास. बाकीचा अख्खा दिवस तुम्ही कुणाबरोबर काढता यावर भाषा येणार की नाही ते ठरतं, मास्तर कितीही चांगला असू दे. महिन्याला 600 युरोच्या हिशोबाने खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात, वर फी, विमा, तिकीट. आपल्याकडे हे पैसे आंबा-काजूच्या बागेवर कर्ज काढून नाहीतर आईचे दागिने ठेवून उभे राहतात, आणि एवढं करून पोरांनी तिकडे जाऊन हिंदी सुधारायची का?

माझंच सांगते. एका एजंटाने पैसे घेऊन फ्लॅट ठरवून दिला होता, सगळ्या मुली भारतीय, स्वभावाने एकदम चांगल्या, डाळभात रोज, रात्री सगळ्या मिळून हिंदी सिरीज. घरचे खूश. पण घरमालक पद्रोन करून द्यायला तयार नव्हता. पद्रोन म्हणजे तिथल्या नगरपालिकेत आपण अमुक पत्त्यावर राहतो अशी नोंद, आणि ती करायला भाडेकरार नाहीतर मालकाची सही लागते. मोठ्या मुदतीचा स्टुडंट व्हिसा असेल तर स्पेनमध्ये उतरल्यापासून एका महिन्यात परदेशी नागरिकांच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे टीआयईसाठी अर्ज करावा लागतो, तिथे बऱ्याच ठिकाणी हा पद्रोनचा कागद मागतात आणि सगळीकडे आधी ऑनलाइन अपॉइंटमेंट, जी पटकन मिळत नाही ती वेगळीच गंमत. एजंट तोपर्यंत फोन उचलायचा बंद झालेला. म्हणून खोली सोडली आणि एका आजीबाईंच्या घरी एक खोली भाड्याने घेतली, त्यांनी दुसऱ्याच दिवशी सही दिली.

खरं स्पॅनिश तिथून सुरू झालं. दुपारचं जेवण अडीच-तीनला आणि रात्रीचं साडेनऊ-दहाला, आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "अगो, धा वाजता जेवतत तर निजतत कधी?" पण त्याला कारण आहे. स्पेनचं घड्याळ 1940 सालापासून जर्मनी-फ्रान्सच्या वेळेवर चालतं आणि गॅलिसिया तर पार पश्चिमेच्या टोकाला, खाली पोर्तुगालची हद्द ओलांडली की लगेच घड्याळ एक तास मागे. म्हणजे सूर्याच्या मानाने तिथलं घड्याळ पुढेच धावतं. जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो, हिवाळ्यात सकाळी नऊ वाजले तरी नीट उजाडलेलं नसतं. छोटी दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, सुपरमार्केटं बहुतेक रविवारी बंद. तुम्ही आपल्या वेळेवर आठला जेवून झोपलात तर त्या घरातल्या गप्पा तुम्हाला कधी ऐकायलाच मिळत नाहीत, कारण त्या सुरूच होतात जेवण संपल्यावर, टेबलावरून कोणी उठत नाही.

आणि मासळी बाजार! सांतियागोच्या जुन्या शहरात दगडी मंडई आहे, तिथे गेल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं. बांगड्याचा तिकडचा भाऊबंद, सार्डिन, शिंपले, ऑक्टोपस, आणि मागे उभ्या बायका अगदी आपल्या मासेवाल्यांसारख्या, गिऱ्हाईक बघून आवाज लावणाऱ्या. मासा घेतला की त्या साफ करून देऊ का विचारतात आणि हो म्हटलं की सुरी डोक्यावरच. आमच्याकडे बांगड्याचं डोकं टाकतात का कोणी? आता स्पॅनिशमध्ये 'टाक' म्हणायला एक रूप आणि 'टाकू नको' म्हणायला क्रियापदाचं वेगळंच रूप लागतं, वर्गात हे आठवडाभर फळ्यावर चाललं होतं आणि कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. सुरी खाली यायच्या आत बोलायचं असलं की बरोबर शिरतं. ती बाई हसली, डोकी वेगळी बांधून दिली, पुढच्या वेळेपासून न विचारता ठेवायला लागली.

काही जण म्हणतात गॅलिसियाला जाऊ नका, तिकडे लोक गॅलिशियन ही त्यांची स्वतःची भाषा बोलतात, स्पॅनिश शुद्ध राहत नाही. शाळेत पुस्तकी मराठी आणि घरात मालवणी बोलून वाढलेल्या पोरांना याची भीती कोणी घालू नये.

आता दुसरी बाजू पण सांगते नाहीतर म्हणाल हिला सगळं गोडच लागलं. पाऊस तिथे आपल्या उलटा, नोव्हेंबरपासून थंडीत पडतो, कपडे वाळत नाहीत, जीव कोंदतो. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असल्यामुळे घरचे रात्री निवांत फोन करतात तेव्हा तुमचा क्लास नाहीतर बाजार चालू असतो. डुकराचं मांस डाळीत, भाजीच्या सूपमध्ये, कुठेही निघतं, ज्यांना चालत नाही त्यांनी घरमालकिणीला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं, लाजू नये, त्या ऐकतात. मुलगी एकटी परक्याच्या घरात ही काळजी पालकांना वाटणारच, ती मी खोटी म्हणत नाही, म्हणून तर म्हणते की खोली व्हिडिओ कॉलवर बघा, घरमालकीण कोण आहे तिच्याशी बोला, पद्रोन देणार का हे आधी विचारा आणि उत्तर मेलवर लिहून घ्या, डिपॉझिट त्यानंतर. आपली माणसं रविवारी भेटायला आहेतच की, डाळभात तेव्हा खा.

तुमच्या पुरवणीत परीक्षेत यश मिळवलेल्या मुलांचे फोटो छान येतात. त्याच्या शेजारी पद्रोन, टीआयई आणि खोली शोधण्याबद्दल चार ओळींची चौकट टाकलीत तर पालकांना एजंटाकडे धावायला लागणार नाही. माहिती मी लिहून देईन, मानधन नको.

आपली,
एक वाचक, शिरोडा (ता. वेंगुर्ला)

ता. क. सगळे विचारतात म्हणून: तूप, पेढे, खवा बॅगेत भरू नका, युरोपमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणू देत नाहीत. हापूससुद्धा तपासणीच्या सर्टिफिकेटशिवाय चालत नाही, नारळ मात्र चालतो. सुकं खोबरं विमानवालेच घेत नाहीत. सुके जवळे आणि आमसुलं न्या, पण जवळे तीन पिशव्यांत बांधून.