मसल कार घेताना चकाकीआधी पत्रा आणि कागद पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पन्नास वर्षांहून जुन्या परदेशी गाड्या भारतात आणण्याची वाट केंद्र सरकारने मोकळी केल्यापासून महाराष्ट्रातील जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये अमेरिकी ‘मसल कार’विषयी उत्सुकता वाढली आहे. पूर्वी ही मुभा 1950 पूर्वीच्या गाड्यांपुरतीच होती, त्यामुळे 1964 ते 1972 या काळातील या गाड्या नियमाच्या बाहेरच राहत असत. मी अनेक वर्षे अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळ राहतो, वाहन उद्योगात काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी अशा जुन्या गाड्या शोधणे, तपासणे आणि मित्रांच्या गॅरेजमध्ये त्या पुन्हा उभ्या करण्यास हातभार लावणे हा माझा छंद आहे. पुण्याहून, कोल्हापूरहून, नाशिकहून हल्ली मला निरोप येतात, की एखादी चांगली डॉज चार्जर किंवा शेव्हरोले शेव्हेल नजरेस पडली तर कळवा. प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगण्यापेक्षा आपल्या दैनिकातून चार गोष्टी मांडाव्यात, आणि त्याबरोबर आपल्याकडील नियमांबद्दल एक मागणीही करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मसल कार ही मुळात श्रीमंतांची गाडी नव्हती. मध्यम आकाराच्या, साध्या दोन दारी गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे आणि ती तरुण नोकरदाराला परवडेल अशा किमतीत विकायची, ही तिची कल्पना. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालू नये असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक असताना, त्याच कंपनीच्या पॉन्टियाक विभागातील अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली पॉन्टियाक टेम्पेस्टमध्ये 389 घनइंचांचे इंजिन बसवून जीटीओ आणली, आणि पुढची आठ-नऊ वर्षे डेट्रॉईटमध्ये चढाओढ लागली. 1970 नंतर विम्याचे वाढलेले हप्ते, धुरावरील निर्बंध आणि 1973 चे तेलसंकट यांनी तो काळ संपवला. हा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे कारण एवढेच, की या गाड्या स्वस्तात आणि मोठ्या संख्येने बनवल्या गेल्या होत्या. त्यांचा पत्रा गंजापासून फारसा संरक्षित नव्हता, आणि त्यांच्या पहिल्या मालकांनी त्या जपून नव्हे, तर मनसोक्त चालवल्या. आज बाजारात दिसणारी प्रत्येक चकाकती मसल कार या वास्तवातून पार पडून आलेली असते.

म्हणूनच शोध घेताना इंजिनाच्या आधी पत्रा पाहावा, असे माझे ठाम मत आहे. इंजिन उघडता येते, त्याचे सिलिंडर बोअर करून घेता येतात, कार्बोरेटर आणि गिअरबॉक्स दुरुस्त होतात, आणि या गाड्यांचे यांत्रिक सुटे भाग आजही अमेरिकेत सहज मिळतात. गंजलेला सांगाडा मात्र खरेदीच्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त पैसे गिळतो. आमच्या मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉईट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे, यावरून ते किती सढळ हाताने टाकले जात असेल याची कल्पना यावी. हे मीठ गाडीच्या पोटाखाली जाऊन बसते आणि आतून पत्रा खाते, तर वरून रंग शाबूत दिसत राहतो. मागच्या मडगार्डचा खालचा भाग, डिकीचा तळ, मागच्या काचेची खालची पन्हळ, पायाखालचा पत्रा आणि चेसिसच्या मागच्या पट्ट्या या जागा पाहिल्याशिवाय पुढे बोलूच नये. छतावर व्हिनाइलचे कापडी आवरण असलेल्या गाड्यांत त्या आवरणाखाली पाणी मुरते. पहिल्या पिढीच्या फोर्ड मस्टँगमध्ये पुढच्या काचेखालील हवेच्या झरोक्यातून पाणी झिरपून थेट पायाखाली येते, आणि तो भाग उघडून बदलायचा तर पुढची अर्धी गाडी सोडवावी लागते.

गंज लपवण्याचे कसब अमेरिकेतही आपल्याइतकेच जुने आहे. गंजलेल्या भोकावर जाळी लावून, वर पुट्टी फासून, घासून, झगमगीत रंग मारलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मऊ कापडात गुंडाळलेला एक लहान लोहचुंबक खिशात ठेवावा आणि तो मडगार्डवरून, दाराच्या खालच्या कडेवरून फिरवावा. जेथे तो धरत नाही, तेथे पत्रा नाही किंवा त्यावर पुट्टीचा जाड थर आहे. भारतातून खरेदी करणाऱ्याला स्वतः जाणे शक्य नसेल, तर गाडी लिफ्टवर चढवून खालून काढलेली छायाचित्रे मागावीत आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या स्थानिक जाणकाराकडून पैसे देऊन तपासणी करून घ्यावी. ही छायाचित्रे देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्या गाडीचा विचार सोडून द्यावा. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कॅलिफोर्नियाचा कोरडा भाग येथील गाड्यांचा पत्रा सहसा चांगला असतो. तेथील उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला, आसने फाटलेली आणि काचांची रबरे वाळलेली असतात, परंतु या सर्व वस्तू नव्याने बनवून विकल्या जातात. रंग उडालेली, आसने फाटलेली पण कोरड्या प्रदेशातील गाडी आणि लखलखीत पण ओहायोच्या हिवाळ्यात वाढलेली गाडी समोर असेल, तर मी विचार न करता पहिली घेईन.

पत्र्यानंतर कागद. मसल कारच्या बाजारात एकाच वर्षाच्या, बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांच्या किमतीत अनेक पटींचा फरक असतो, कारण एक मुळात मोठ्या इंजिनासह कारखान्यातून बाहेर पडलेली असते आणि दुसरी साध्या इंजिनाची गाडी नंतर कोणीतरी तशी सजवलेली असते. अशा सजवलेल्या गाडीला येथे ‘क्लोन’ म्हणतात. क्लोन म्हणून सांगून, क्लोनच्या किमतीला विकली तर त्यात काही गैर नाही. दुर्दैवाने ती नेहमीच तशी सांगून विकली जात नाही. 1970 च्या शेव्हेलचे उदाहरण घ्या. तिची 454 घनइंची, 450 अश्वशक्तीच्या ‘एलएस-6’ नावाच्या इंजिनाची आवृत्ती आज सर्वाधिक मागणी असलेल्या गाड्यांपैकी एक आहे, पण गाडीच्या क्रमांकावरून (म्हणजे कारखान्यात दिलेल्या ओळख क्रमांकावरून, नोंदणीच्या नव्हे) ती शेव्हेलच्या मालिबू प्रकारातील दोन दारी कूपे आहे आणि तिला आठ सिलिंडर आहेत एवढेच कळते. ती ‘एसएस’ (सुपर स्पोर्ट) ही वेगवान आवृत्ती होती की नाही, हे त्या क्रमांकात नाही. शेव्हरोलेकडे अमेरिकेत विकलेल्या त्या काळातील गाड्यांची वैयक्तिक नोंद उपलब्ध नाही. मग पुरावा उरतो तो इंजिनावर ठोकलेल्या अंकांचा, पहिल्या मालकाच्या वॉरंटीच्या पुस्तिकेतील धातूच्या पट्टीचा, आणि कारखान्यातील त्या जोडणीच्या कागदाचा, जो कामगारांनी पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या आसनाच्या स्प्रिंगांत खोचून तसाच सोडलेला असतो. पन्नास वर्षांनी टाकी उतरवल्यावर तेथे चिकटलेला तो पिवळट कागद सापडणे हा या छंदातील मोठा आनंद आहे, आणि गाडीची निम्मी किंमत कधीकधी त्या कागदात असते.

इतर कंपन्यांच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ बरी आहे. पॉन्टियाकच्या गाड्यांचे कारखान्यातील बीजक पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळते, आणि 1966 ते 1971 च्या जीटीओचा क्रमांकच 242 ने सुरू होतो. 1967 पासूनच्या फोर्ड गाड्यांचा तपशील फोर्डच्या उत्पादन नोंदींवरून तयार होणाऱ्या ‘मार्टी रिपोर्ट’ या अहवालातून कळतो. क्रायस्लर गटाच्या गाड्यांत क्रमांकाचे पाचवे अक्षर इंजिन सांगते. 1970 च्या डॉज किंवा प्लिमथमध्ये तेथे ‘आर’ असेल तरच ती मूळची 426 घनइंची ‘हेमी’ इंजिनाची गाडी. बोनेटखाली डाव्या बाजूला असणारी लहान पत्र्याची पट्टीही त्याच्याशी जुळली पाहिजे. इंजिनावरील अंक घासून नवे ठोकण्याचे प्रकार घडतात, म्हणून अंकांभोवतालच्या धातूवर यंत्राने तासल्याच्या मूळ रेषा आहेत का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. आणि विक्रेत्याचे नाव मालकीच्या कागदावर असलेच पाहिजे. आधीच्या मालकाच्या सहीचा कोरा कागद हातात देणाऱ्याशी व्यवहार करू नये, कारण पुढे बंदरावर आणि सीमाशुल्क विभागात तोच कागद अडतो.

आता भारतातील नियमांकडे वळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि ज्यात मोठे फेरबदल झालेले नाहीत अशी गाडी त्यात बसते. नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, फेरनोंदणीचे शुल्क 5,000 रुपये आणि क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. ही गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच आणता येते. शिवाय आयात शुल्क आणि कर धरल्यावर तिची किंमत दुपटीच्याही पुढे जाते. हे सर्व मान्य करूनही ज्याला गाडी आणायची आहे, त्याने आणावी. माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे. पण मूळ स्वरूपाची अट त्याने अमेरिकेत गाडी शोधतानाच डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. अमेरिकेच्या बाजारातील फार मोठ्या संख्येच्या मसल कारमध्ये इंजिन बदललेले आहे, पुढे डिस्क ब्रेक आणि नवे स्टिअरिंग आले आहे. 1969 च्या शेव्हरोले कॅमॅरोचा तर आख्खा सांगाडा नवा बनवून मिळतो. अशी गाडी चालवायला मूळ गाडीपेक्षा अनेकदा चांगली असते, पण ती नोंदणीच्या वेळी मूळ स्वरूपाच्या व्याख्येत बसेल याची खात्री कोण देणार?

इंधनाचा विचारही आधीच करावा लागतो. एलएस-6 चे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, 11.25 ला 1 आहे. हे इंजिन त्या काळच्या शिसेयुक्त, उच्च ऑक्टेनच्या, म्हणजे अशा दाबाखाली अवेळी पेट न घेणाऱ्या पेट्रोलवर चालण्यासाठी घडवले गेले होते. आपल्या पंपावरील साधे पेट्रोल बिनशिशाचे आणि त्याहून कमी ऑक्टेनचे असते आणि आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ज्याने जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधील जुने वायसर खराब होतात आणि टाकीत पाणी धरते. पाइप, वायसर आणि झडपांच्या बैठका बदलून यावर उपाय करता येतो, पण इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी करणे हे मोठे काम आहे. जनरल मोटर्सने 1971 च्या गाड्यांपासून सर्व इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले, ते 91 ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावे याच हेतूने. त्यामुळे अमेरिकेतील संग्राहक ज्यांना दुय्यम मानतात, त्या 1971 आणि 1972 च्या गाड्या भारतासाठी अधिक योग्य आहेत, असे मी विचारपूर्वक सांगतो. 1972 च्या 454 इंजिनाची शक्ती कागदावर 270 दिसते आणि त्याच्या आदल्या वर्षी 365, म्हणून ग्राहक बिचकतात. पण त्यातील बराच मोठा फरक 1972 पासून शक्ती मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे आहे. आधीची मोजणी पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर यांचा भार न धरता केलेली असे. शिवाय 1972 च्या शेव्हेलमध्ये गाडीच्या क्रमांकातच इंजिनाचे अक्षर आले, त्यामुळे खऱ्या 454 ची ओळख पटवणे सोपे झाले, हा आणखी एक लाभ.

माझी मागणी अशी, की केंद्रीय मंत्रालयाने आणि महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने मोठे फेरबदल म्हणजे नेमके काय, हे उदाहरणांसह जाहीर करावे. गंजलेला पायाखालचा पत्रा कापून त्याच मापाचा नवा वेल्डिंगने बसवला, तर ती जपणूक धरली जाईल की फेरबदल? त्याच वर्षाचे, त्याच प्रकारचे, पण दुसऱ्या गाडीतील इंजिन चालेल का? सुरक्षेसाठी पुढचे ड्रम ब्रेक काढून त्याच कंपनीचे त्या काळातील डिस्क ब्रेक बसवले तर काय? वेगवेगळ्या परिवहन कार्यालयांनी आपापल्या समजुतीने उत्तरे दिली, तर ज्याने आयुष्यभराची बचत यात घातली आहे, त्याची गाडी बंदरावरून घरी येऊनही नोंदणीविना उभी राहील. विंटेज गाड्यांचे जाणकार आणि जुने मेकॅनिक महाराष्ट्रात मुबलक आहेत. त्यांना समितीत घेऊन तपासणीची एकसारखी पद्धत ठरवता येईल. वापराच्या अटींबाबतही एक सूचना आहे. मिशिगनमध्ये 25 वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक पाटी मिळते आणि तिच्यावरही निर्बंध असतातच, पण ऑगस्ट महिन्यात ती गाडी नेहमीच्या वापरासाठी चालवता येते. त्याच महिन्यात डेट्रॉईटच्या वुडवर्ड रस्त्यावर 1995 पासून जवळजवळ दरवर्षी जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. आपल्याकडे वर्षातील एखादा महिना, पावसाळा सोडून, अशी मुभा दिली तर वाहतुकीवर ताण येणार नाही आणि कष्टाने उभ्या केलेल्या गाड्या चालत्या राहतील. बंद उभ्या गाडीचे ब्रेक धरतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकते आणि इंजिनाच्या आत गंज चढतो.

ज्यांना खरेदीची घाई आहे, त्यांनी निदान ही व्याख्या स्पष्ट होईपर्यंत मूळ इंजिनाची, कारखान्याच्या कागदांसह मिळणारी आणि कोरड्या प्रदेशातील गाडीच पाहावी, आणि इसार देण्यापूर्वी त्या गाडीच्या क्रमांकाची, इंजिनाच्या अंकांची आणि पोटाखालील भागाची छायाचित्रे घेऊन आपल्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी.

आपला विश्वासू,
एक वाचक
डेट्रॉईट परिसर, मिशिगन