एक काठ शांत राहू द्या : नागपूर महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त साहेब,
नागपूर महानगरपालिका

स.न.वि.वि.

नागपूरच्या माणसाला समुद्र बघायचा तर आधी रात्रभराची रेल्वे आणि पुढे कोकणापर्यंत आणखी दिवसभराचा प्रवास. अनेक घरांत ही सहल पाच-सात वर्षांतून एकदाच होते, काही घरांत कधीच होत नाही. पाण्याकाठी बसायची ओढ मात्र आपल्यालाही तेवढीच आहे, आणि ती भागवायला आपल्याकडे अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, गांधीसागर, सक्करदरा, सोनेगाव असे तलाव आहेत. यातल्या एका तलावाचा एक काठ कुटुंबांसाठी राखा आणि तो शांत ठेवा, एवढ्या मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे.

फुटाळ्याला आपण कौतुकाने चौपाटी म्हणतो. तरुण पोरं तिथे जमतात, गाड्या लागतात, खाणं-पिणं चालतं. ते असू द्या, शहराला तेही लागतं. पण गुडघे दुखणारी आजी, पाळण्यातलं बाळ किंवा गोंगाटाने घाबरून कानांवर हात ठेवणारं एखादं मूल घेऊन संध्याकाळी जायचं म्हटलं, की घरात विचारविनिमय सुरू होतो आणि शेवटी सगळे टीव्हीसमोर बसतात. ही माणसं काठावर दिसत नाहीत, म्हणून नियोजनातही दिसत नाहीत.

तलावाचं सुशोभीकरण म्हटलं की कारंजं, रंगीत दिवे, पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट हेच ठरलेलं. पण काठ जोखायचं दुसरं मापही आहे. 2020 साली देशातल्या आठ समुद्रकिनाऱ्यांना पहिल्यांदा ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. द्वारकेजवळचं शिवराजपूर, दीवचं घोघला, कर्नाटकातलं कासरकोड हे त्यातले काही. त्या मानांकनाचे 33 निकष आहेत. पाण्याची नियमित तपासणी आणि तिचे निकाल लोकांसमोर लावणं, स्वच्छ शौचालयं, जीवरक्षक, अपंगांना पोहोचता येईल अशी वाट, कचऱ्याची व्यवस्था अशा गोष्टी त्यात येतात. संगीत कारंजं त्यात नाही. तलावाला तो झेंडा मिळवा असं मी म्हणत नाही, पण ती यादी नियोजनाच्या टेबलावर असावी.

माझ्या मते पहिली निवड विमानतळाजवळच्या भोसलेकालीन सोनेगाव तलावाची व्हावी. भोवती वस्ती आहे, लोकांना चालत येता येईल. विमानाच्या आवाजाचा आक्षेप कुणी घेईल, पण विमान मिनिटभरात निघून जातं आणि पोरांना ते बघायला आवडतंच. भोंगा तासन्‌तास वाजतो.

आता काय हवं ते सांगते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि सूर्य मावळायलाच पावणेसात होतात. दिवसभर तापलेलं सिमेंट त्यानंतरही वाफा सोडत असतं. बाया स्वयंपाक उरकून, म्हाताऱ्यांना घेऊन निघतात तेव्हा साडेसात-आठ वाजलेले असतात, आणि तेवढ्यात फाटक बंद करायची वेळ झाली तर त्या काठाचा उपयोग काय? उन्हाळ्यात तो रात्री दहापर्यंत उघडा हवा. दिवे असावेत, पण पिवळे आणि खाली झुकलेले, म्हणजे पायवाट दिसेल आणि हिवाळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांच्या डोळ्यांवर झोत पडणार नाही. पेव्हर ब्लॉकऐवजी माती, आणि सावलीला अर्जुन, करंज, कडुनिंब. अर्जुन तर पाण्याकाठचंच झाड. बाकांना पाठ हवी. पाठ नसलेल्या बाकावर म्हातारं माणूस दहा मिनिटांवर बसत नाही. नळाला पाणी असलेलं शौचालय आणि बाळाला पाजायला आडोसा हवा. मुलांसाठी खोल पाण्यापासून दूर, कठड्याच्या आत, वाळूचा मोठा हौद करा. समुद्र न पाहिलेल्या पोराला किल्ला बांधायला तेवढी वाळू पुरते. प्रवेशाला तिकीट नको.

आणि भोंगा नको. ना वाढदिवसाचा, ना प्रचाराचा, ना कंत्राटदाराच्या जाहिरातीचा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहेच. काठावर ती पाळली गेली तरी पुष्कळ झालं.

तलावात येणारं सांडपाणी थांबवणं मात्र या सगळ्याच्या आधीचं काम. त्या पाण्यावरच जलपर्णी पोसते, आणि दुर्गंधी सुटलेल्या काठावर कितीही बाक टाकले तरी कुणी बसणार नाही. बांधकाम हलकं ठेवा, पाण्याच्या वाटेत तर काहीच नको. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं. तलावाच्या सांडव्यापुढे किती मोकळी जागा लागते, हे त्या दिवशी अख्ख्या शहराने पाहिलं आहे.

या कामाला मोठा निधी लागणार नाही. दोन माळी, दोन सफाई कर्मचारी, पोहता येणारे रखवालदार आणि त्यांचा पगार दर महिन्याला वेळेवर, एवढी तरतूद मात्र कायमची हवी. उद्घाटनानंतर काठ ओस पडतात ते ती नसल्यामुळेच.

आराखडा काढण्याआधी आसपासच्या वस्त्यांतल्या बायकांची आणि ज्येष्ठांची एक बैठक घ्या. ती सकाळी अकराला कार्यालयात नको. संध्याकाळी, त्या काठावरच, सतरंजी टाकून घ्या. आम्ही येऊ.

आपली,
दक्षिण-पश्चिम नागपुरातली एक रहिवासी