सावित्री, काळ, गांधारी : जुन्या माणसांच्या तोंडची नदी नोंदवण्यासाठी महाडकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला आहे, त्यामुळे नमनाला घडाभर तेल घालत नाही. आपलं मंडळ आपल्या तीन नद्यांविषयी जुन्या माणसांना जे ठाऊक आहे ते त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवतं, हे बहुतेकांना माहीत आहे. कुठली कोंड (नदीतला डोह) किती खोल, मगरी उन्हाला कुठे पडतात, भरतीचं पाणी कुठवर चढतं, वलगणीचे (पहिल्या पावसात अंडी टाकायला वर चढणारे) मासे कुठल्या पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, शेतात शिरतात, असं सगळं. यंदा ४० माणसांच्या मुलाखती पुऱ्या करायच्या ठरल्या आहेत. खर्च १,८५,००० रुपये आणि आज हाती आहेत ३१,४००.

आता थोडं मागचं, कारण ज्यांनी हे इथवर आणलं त्यांचा उल्लेख न करता पैसे मागणं बरं दिसत नाही. सुरुवात आपल्या गुरुजींनी केली. निवृत्तीनंतर लोक यात्रेला जातात, गुरुजी दोनशे पानी वही आणि शाळेतून मोडीत निघालेला टेपरेकॉर्डर घेऊन कातकरवाड्या फिरू लागले. सेल संपले की वाडीवरून परत यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. बाजारपेठेतल्या आपल्या किराणावाल्या शेठनी सलग सहा वर्षं सेल आणि कॅसेटी पुरवल्या, एकदाही हिशोब विचारला नाही. (नाव छापायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे. कोण ते सगळ्यांना कळेलच.) ठाण्याला स्थायिक झालेल्या आपल्या माहेरवाशिणींनी भिशीतून ११,००० रुपये पाठवले, तेही दोनदा. नाक्यावरच्या रिक्षावाल्या मंडळींनी बिरवाडीकडच्या खेपांचं भाडं कधी पुरतं घेतलं नाही. आणि भोईआळीतल्या तात्यांबद्दल काय लिहावं! कॅमेऱ्यासमोर बसायला त्यांनी साफ नकार दिला. पण पाग (फेकून मासे धरायचं जाळं) कसा विणतात हे दाखवायला ऐन पावसात तीन तास ओसरीवर बसले, आणि शेवटी तो पाग मंडळालाच देऊन टाकला.

मग २२ जुलै २०२१ चा महापूर. त्या दिवसाबद्दल महाडकरांना वेगळं काही सांगायला नको. वाचनालयाच्या खालच्या कपाटात सतरा वह्या आणि सगळ्या कॅसेटी होत्या. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा वह्यांचा लगदा आणि त्यावर बोटभर चिखल. वाचल्या त्या फक्त तीन कॅसेटी, कारण गुरुजींच्या नातीने त्या ऐकायला म्हणून नेल्या होत्या आणि परत करायचं विसरली होती. त्यांच्याही घरात पाणी शिरलंच, पण माळ्यावर नुसती ओल लागली. फीत सुपात पसरून सावलीत वाळवली. एक बाजू अजून खरखरते, पण आवाज कळतो. विसरभोळेपणाचे आभार मानण्याची ही मंडळाची पहिलीच वेळ.

त्या तीनपैकी एकीवर तात्यांच्या वडिलांचा आवाज आहे. ते सांगतात, सावित्रीचं पाणी वाढतं कसं ते बघू नका, थांबतं कसं ते बघा. महाबळेश्वर-पोलादपूरकडचं पाणी खाली येतं आणि बाणकोटच्या खाडीतून भरती वर येते. दोन्हींची गाठ पडली की नदी वाहत नाही, 'बसते'. काठावरचा पालापाचोळा एका जागी गरगरू लागला की समजायचं, पाणी आता गावात येणार. "उतरत नाय, बसलंय पाणी. भरतीनं धरलंय," असे त्यांचे शब्द आहेत. ही कॅसेट पुराच्या कितीतरी वर्षं आधीची. आपण कुणी ती वेळेवर ऐकली नव्हती, मीसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट गेल्या जूनमधली. काळ नदीला मिळणाऱ्या एका पऱ्यापाशी कातकरवाडीतल्या आजी आम्हाला घेऊन गेल्या. पाणी गढूळ झालं होतं, आम्हाला वाटलं आता मासा चढणार. आजींनी पाय बुडवला, दगडाखालची माती चिमटीत घेऊन हुंगली आणि म्हणाल्या, "हे हितलंच पाणी हाय. वरचं अजून आलं नाय. घरी चला." दोन दिवसांनी निरोप आला, या. त्या रात्री टॉर्चच्या उजेडात शिंगटी आणि मळ्ये अक्षरशः गवतातून सरपटत भाताच्या खाचरात जात होते. आजींच्या म्हणण्यानुसार त्यांच्या लहानपणी चढतीचा मासा निम्मा तरी जाऊ देत, अंडी टाकून उतरणाराच धरत. आता पऱ्याच्या तोंडाशीच आडवं जाळं लागतं, अंड्यासकट सगळं पातेल्यात. नदीतला मासा कुठे गेला असं आपण विचारतो, त्याचं निदान अर्धं उत्तर आजींकडे आहे. वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे मासे कुणी मारत नाही, म्हणून महाशीरच्या कुळातली ती मोठाली धुडं आजही हाताला लागतील इतकी वर येतात. अशा आणखी कुठल्या कोंडी राखलेल्या होत्या, कुणी राखल्या, कधी मोडल्या? वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी गावोगाव हिंडून देवरायांची जशी नोंद केली, तशी आपल्या तालुक्यातल्या कोंडींची आपल्याला करायची आहे.

सरकारी वही असताना हा उद्योग कशाला, असं एका हितचिंतकांनी विचारलं. जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. त्याप्रमाणे गावच्या समितीने लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. कल्पना उत्तमच आहे. एका गावची वही पाहिली, नाव घेत नाही. माशांच्या रकान्यात तीन नावं : रोहू, कटला, मृगळ. तिन्ही गंगेकडचे, बाजारात मिळणारे. खवल, वाम, मरळ यांचा पत्ता नाही, कारण वाडीवर कुणी गेलंच नाही.

थोडं मनातलंही लिहितो, राग मानू नये. मागच्या आवाहनाच्या ६०० प्रती वाटल्या, पावत्या फाटल्या नऊ. दहीहंडीच्या थराला लाखाचं बक्षीस लावणारे आपलेच आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण "मासे मारणाऱ्यांचं काय रेकॉर्डिंग करायचंय?" हे वाक्य मला एका सुशिक्षित घरात ऐकावं लागलं, १९२७ च्या चवदार तळ्याच्या गावात. त्या दिवशी चहा न पिता उठलो. शिवाय आमच्या यादीतली चार माणसं गेल्या थंडीत गेली. त्यातल्या दोघांकडे 'पुढच्या महिन्यात येतो' असं आम्हीच सांगून ठेवलं होतं. रेकॉर्डर दुरुस्तीला होता.

खर्च असा : दोन रेकॉर्डर व माइक ३८,०००, दोन हार्ड डिस्क १४,००० (एक प्रत यापुढे महाडबाहेर, उंचावर), गाडीखर्च ३६,०००, चाळीस मुलाखतींचं शब्दांकन ६०,०००, सांगणाऱ्यांचा दोन दिवसांचा बुडालेला रोज माणशी ८०० प्रमाणे ३२,०००, छपाई-चहापाणी ५,०००. रोज देण्यावरून कार्यकारिणीत वाद झाला होता, पण ठराव झालेला आहे आणि तो बदलणार नाही. रोख किंवा चेक वाचनालयात संध्याकाळी ६ ते ८ (सोमवार बंद), क्यूआर दारावर लावला आहे, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. ८०जी साठी अर्ज केला आहे, सवलत अजून मिळालेली नाही. पैसे शक्य नसतील तर कातकरी बोली समजणारी आणि मराठी टाइप करणारी मुलं-मुली हवीत, दुचाकी असल्यास उत्तम. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी नदीकाठी वाढलेलं असेल तर आधी ते कळवा, देणगी नंतर. मुलाखतीआधी संमती घेतली जाते, रेकॉर्डिंगची प्रत घरच्यांना मिळते. गेळ, रामेठा यांसारख्या मासे गुंगवणाऱ्या झाडांची माहिती आणि राखलेल्या कोंडींच्या जागा सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाहीत. पहिली फेरी ५ जूनला निघेल, त्याआधी निदान रेकॉर्डरचे पैसे जमावेत ही विनंती.

आपला नम्र,
चिटणीस (कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : तात्यांचा पाग प्रदर्शनासाठी म्हणून ज्यांनी नेला आहे त्यांनी तो परत आणून द्यावा. तात्या दर आठवड्याला विचारतात.